परवानगी नसलेल्या दिशेचे आठ फोटो

आठ फोटो डिलीट करायचे होते. माझ्या कॅमेऱ्यात दोन कार्डं असतात आणि प्रत्येक फोटो दोन्हींवर जातो, म्हणजे एकूण सोळा. पहिल्या कार्डावरचे आठही मी न बघता उडवले होते. एअरबेसच्या कँटीनमध्ये कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले होते. पुढ्यात वाटाण्याचं सूप, मांडीवर कॅमेरा. दुसऱ्या कार्डावरचा पहिला फोटो उघडला आणि अंगठा कचऱ्याच्या डब्याचं चित्र असलेल्या बटणावर ठेवला.

हे फोटो का उडवायचे होते, ते आधी सांगते.

मी मूळची नागपूरची. कायझर्सलाउटर्नच्या एका संशोधन संस्थेत फोटोग्राफर आहे. तिथे मी मोडलेल्या वस्तूंचे फोटो काढते. वेगवेगळ्या यंत्रांचे भाग, रबराचे पट्टे, धातूच्या सळया मशीनमध्ये मुद्दाम तुटेपर्यंत ताणतात, आणि त्या कशा तुटल्या हे फोटोवरून शास्त्रज्ञ ठरवतात. काम शांत आहे. वस्तू हलत नाहीत. बहुधा म्हणूनच सुट्टीच्या दिवशी मी लढाऊ विमानांचे फोटो काढायला लागले. आधी एअर शोमध्ये, मग बेसच्या कुंपणाबाहेर शिडीवर उभी राहून. कोलोनहून निघणारं विमानांविषयीचं एक मासिक ते छापायला लागलं, आणि सहा-सात वर्षांत माझी दुसरी नोकरी म्हणावी एवढं ते काम वाढलं.

त्या दिवशी मात्र मी कुंपणाच्या आत होते. एका मोठ्या सरावासाठी पाहुण्या देशाची विमानं आली होती आणि सहा फोटोग्राफरना आत बोलावलं होतं. बेस कुठला आणि देश कुठला हे सांगायचं नाही, असं माझ्याकडून नंतर लिहून घेतलंय. माझा पासपोर्ट भारतीय, त्यामुळे माझी चौकशी इतर पाच जणांपेक्षा जास्त चालली. तीन महिने. एकदा त्यांनी माझ्या नागपूरच्या शाळेचा पत्ता विचारला. मी तो दिला. शाळा आता तिथे नाही, हेही कळवलं.

सकाळी गेटवर मोबाईल जमा केले. मग प्रेस ऑफिसर आल्या. फ्राउ, म्हणजे श्रीमती, रॉयटर. हुद्दा हाउप्टमान, म्हणजे कॅप्टन. पन्नाशीच्या, सडपातळ, आवाज कधीच न चढवणाऱ्या. त्यांनी आम्हाला धावपट्टीपासून बऱ्याच अंतरावर एका पिवळ्या रेषेमागे उभं केलं आणि दोन्ही हात पसरून दाखवलं. डावीकडे कंट्रोल टॉवर, उजवीकडे पांढऱ्या छताची इमारत. या दोहोंच्या मध्ये फोटो काढा. विमान पांढऱ्या छताच्या पलीकडे गेलं की कॅमेरा खाली. तिकडे काँक्रीटच्या हँगरची दारं उघडी होती आणि आत जे उभं होतं ते दिसू द्यायचं नव्हतं. संध्याकाळी प्रत्येकाची कार्डं तपासली जातील आणि पलीकडचा एकही फोटो सापडला तर कार्ड जप्त, असं त्या म्हणाल्या. हे त्यांनी दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून. तो माझा भास असू शकेल.

आता लढाऊ विमान जमिनीवरून धावतं तेव्हा त्याचा फोटो काढायला कॅमेरा विमानाबरोबर फिरवत राहावं लागतं. याला पॅनिंग म्हणतात. कंबरेपासून वळायचं, श्वास रोखायचा, बोट बटणावरून उचलायचं नाही. फोटो सुंदर येतो तो विमानाचं नाक उचललं जातं तेव्हा. मागून ज्वाळा, पुढची चाकं हवेत, मागची अजून जमिनीवर. नाक उचलण्याची ती जागा नेमकी पांढऱ्या छताच्या पलीकडे होती. पिवळी रेषा आखणाऱ्याला हे माहीत नसावं, किंवा चांगलंच माहीत असावं.

दहा पन्नासला विमानं जोडीजोडीने सुटली. पहिल्या चार विमानांच्या वेळी मी छताशी कॅमेरा खाली घेतला. पाचव्याच्या वेळी ढग बाजूला झाला, धावपट्टीवरून परतलेलं ऊन विमानाच्या पोटावर पडलं, आणि मी थांबले नाही. आठ फोटो. एका सेकंदापेक्षा कमी. फ्राउ रॉयटर तेव्हा दुसऱ्या कोणाशी तरी बोलत होत्या.

पकडलं जाण्याची भीती मला कार्डापुरती नव्हती. माझा आइनब्युर्गरुंगचा अर्ज, म्हणजे जर्मन नागरिकत्वाचा, सव्वा वर्ष पडून होता आणि मुलाखत पुढच्या महिन्यात होती. तुमच्याविरुद्ध कुठली चौकशी चालू आहे का, असा प्रश्न त्या अर्जात आहे. लष्करी तळावर बंदी असलेल्या दिशेला फोटो काढल्याबद्दल, असं उत्तर मला तिथे लिहायचं नव्हतं. म्हणून हा कोपरा, हे सूप आणि मांडीवर कॅमेरा.

पहिला उडवला. दुसरा उडवला. तिसऱ्यापाशी माझी लॅबची सवय आडवी आली. एवढं ऊन पकडलं होतं, तर जायच्या आधी एकदा मोठं करून बघावं म्हटलं. बघितलं. फोटो फार चांगला होता. उडवला. चौथा मोठा केला तर डाव्या चाकाच्या मागे हवेत एक काळी वस्तू दिसली.

पक्षी असेल म्हणून पाचवा बघितला. त्यात ती वस्तू चाकापासून लांब गेली होती आणि वाकडी झाली होती. पक्षी असा वाकत नाही. सहाव्यात विमान थोडं वळलेलं होतं आणि चाकाची बाजू दिसत होती. टायरच्या काळ्या रबरात एक फिकट पट्टा होता, कडा दातेरी. हा पट्टा मी लॅबमध्ये शेकडो वेळा बघितलाय. रबराचा वरचा थर सोलून निघाला की आतले धागे असे दिसतात. सातव्यात चाक पोटात जायला लागलं होतं. आठव्यात दार बंद.

म्हणजे विमान आपलं फाटलेलं चाक पोटात घेऊन वर गेलं होतं आणि आतल्या माणसांना बहुधा काही कळलं नव्हतं. मी भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. अकरा पस्तीस. परत यायची वेळ सव्वाबारा सांगितली होती.

मला अजिबात उठावंसं वाटलं नाही. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसं झालं. माझ्या मनात पहिला विचार आला तो टायरचा नव्हता, तर पहिल्या कार्डावरच्या रिकाम्या जागेचा. फोटोंना क्रमांक असतात. मधले आठ नाहीत हे कोणालाही दिसणार. आणि दुसऱ्या कार्डावरचे तीन नाहीत.

माझ्या शेजारी लोरेन्झ बसला होता. तो रेल्वेतून रिटायर झालेला इंजिन ड्रायव्हर, कुंपणाबाहेरच्या शिडीवरची माझी जुनी ओळख. गेली पस्तीस वर्षं विमानांचे फोटो काढतो आणि बेसच्या आत पहिल्यांदाच आला होता. मी कॅमेरा त्याच्यापुढे सरकवला. त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि बराच वेळ बघितलं.

"रबर आहे," तो म्हणाला. मग म्हणाला, "हे पांढऱ्या छताच्या पलीकडचं आहे."

मी हो म्हटलं.

त्याने हळू आवाजात मला समजावलं. विमानांच्या टायरला बरेच थर असतात, एखादा सोलला तर काही होत नाही. हे तू दाखवलंस तर सहाही जणांना बाहेर काढतील आणि आपल्या हयातीत पुन्हा आत बोलावणार नाहीत. दुपारी विमानांना अगदी जवळून बघायला नेणार होते. त्यासाठी तो आदल्या दिवशी केस कापून आला होता. हे सगळं पटण्यासारखं होतं. बोलून झाल्यावर तो सूप ढवळत राहिला. मग त्याने विचारलं, "एकाच्या बसायचं विमान होतं का दोघांच्या?"

"दोघांच्या."

त्याने चमचा खाली ठेवला. "मग जा. मी तुझी बॅग बघतो."

लष्करी तळावर धावू नये असा लेखी नियम नाही, पण धावलं की सगळे तुमच्याकडे बघतात. फ्राउ रॉयटर कँटीनच्या दाराशी कॉफी घेऊन उभ्या होत्या. मी सहावा फोटो मोठा करून त्यांच्यासमोर धरला आणि एका दमात सांगितलं. पाचवं विमान, डावं चाक, टायर सोललाय, माझं काम तुटलेलं रबर बघायचं आहे. त्यांनी फोटो बघितला.

"ही दिशा फ्रायगेगेबन नाही," त्या म्हणाल्या. म्हणजे मोकळी केलेली नाही.

"नाही."

"मी दोनदा सांगितलं होतं."

"सांगितलं होतं. त्याचं नंतर बघू या का? विमान अजून वर आहे."

मला वाटलं आता फॉर्म निघणार. निघाला नाही. त्यांनी कप खिडकीत ठेवला, माझ्या हातातून कॅमेरा घेतला आणि कंबरेच्या वायरलेसवर बोलायला लागल्या. तीच शांत पट्टी, फक्त वाक्यं आखूड. चार मिनिटांत पाहुण्या देशाच्या तुकडीचा एक मेकॅनिक गाडीतून आला. हा त्यांच्या जमिनीवरच्या माणसांचा मुख्य, पिकलेल्या मिश्या, इंग्रजी माझ्याहून मोडकं. त्याने पाचही फोटो पुढेमागे करून बघितले. शेपटीवरचा नंबर कागदावर लिहून घेतला. मग मला विचारलं की तुझी खात्री किती.

मी म्हटलं, हे चाकाचंच रबर आहे आणि आतले धागे उघडे पडलेत, एवढं नक्की. विमानाला त्याने किती त्रास होईल, ते मला माहीत नाही.

"मला माहीत आहे," तो म्हणाला आणि गाडीकडे पळत गेला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, काही तेव्हा, काही नंतर. त्यांनी वरच्या विमानाला चाकं खाली सोडायला सांगितली. जोडीचं विमान त्याच्या पोटाखालून हळूच गेलं आणि त्याच्या पायलटने बघून कळवलं की डावा टायर अर्धा गेलाय. तसं ते उतरलं असतं तर वेगात टेकल्यावर टायर फुटला असता, आणि तेवढ्या वेगात एका बाजूचं चाक अडलं की विमान धावपट्टी सोडतं. पण आधी कळलं असलं तर एक उपाय असतो. बऱ्याच लढाऊ विमानांच्या शेपटीखाली एक हुक असतो. धावपट्टीवर आडवी जाडजूड केबल ताणलेली असते. हुक केबलमध्ये अडकला की विमान थोड्याच अंतरात थांबतं, चाक असो नसो. मात्र त्यानंतर धावपट्टी काही वेळ बंद. म्हणून बाकीची विमानं आधी उतरवली आणि याला इंधन जाळत वर फिरत ठेवलं.

आम्हा सहा जणांना बसमध्ये बसवलं. कॅमेरे खाली, पायांशी. माझा तर फ्राउ रॉयटरकडेच होता. धावपट्टीच्या कडेला आगीचे बंब एकामागे एक येऊन उभे राहिले. दोघांना झाला प्रकार कळला होता आणि ते माझ्याकडे बघत नव्हते.

बारा पन्नासला ते आलं. मी हजारो विमानं उतरताना बघितली आहेत, पण नेहमी कॅमेऱ्यातून. नुसत्या डोळ्यांनी बघायची सवय नव्हती. हातांचं काय करावं कळेना, म्हणून मी समोरच्या सीटची कड धरली. विमान फार हळू येतंय असं वाटलं. उजवं चाक आधी टेकलं. मग डावं टेकलं, आणि लगेच काळे तुकडे उडाले, मग ठिणग्या. नाक डावीकडे वळलं. तेवढ्यात कोणीतरी मागून ओढल्यासारखं ते थबकलं आणि उभं राहिलं. बंब धावले. बराच वेळ काही दिसेना. मग काच वर झाली, शिडी लागली आणि दोन माणसं उतरली. दुसऱ्याने उतरल्यावर हेल्मेट काढलं आणि गवतात बसून घेतलं.

लोरेन्झने माझी बॅग माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाला, "तर मग, ती थरांची गोष्ट मी चुकीची सांगितली."

नंतरचे तीन तास मी सुरक्षा अधिकाऱ्यासमोर बसले. त्यांचं नाव हेर कून; 'हेर' म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत. टेबल, दोन खुर्च्या, पाण्याची बाटली. चाकाविषयी त्यांनी एकच प्रश्न विचारला. बाकी सगळे पांढऱ्या छताविषयी होते. पहिल्या कार्डावर आठ क्रमांक नाहीत, ते का? मी म्हटलं, उडवले. कधी? कँटीनमध्ये. का? तुम्ही पकडाल म्हणून. दुसऱ्या कार्डावरचे तीन? तेही म्हणूनच. उरलेले पाच का ठेवले? चाक दिसलं म्हणून. त्यांनी हे सगळं दोन बोटांनी टाइप केलं. मग वाचून दाखवलं. ऐकताना मला कळलं की जबाबात मी एकाच वेळी फार प्रामाणिक आणि फार लबाड वाटत होते, आणि दोन्ही बरोबर होतं.

मधेच दार वाजलं. तोच गवतात बसलेला माणूस होता, मागच्या सीटवरचा. वय तिशीच्या आतबाहेर. त्याला मला भेटायचं होतं. हात मिळवला, हात गार होता. मग त्याने विचारलं की तो फोटो बघायला मिळेल का. मी हेर कूनकडे बघितलं.

"ती दिशा फ्रायगेगेबन नाही," हेर कून म्हणाले.

"चाक माझं आहे," तो माणूस म्हणाला.

"चाक तुमचं आहे. मागचा हँगर दुसऱ्या देशाचा आहे."

तेव्हा मी कागदावर पेन्सिलीने चाक काढून दाखवलं. फिकट पट्टा कुठे होता, कडा कशा होत्या. माझी चित्रकला वाईट आहे. पण त्याने तो कागद मागून घेतला, घडी करून खिशात ठेवला आणि गेला. हेर कूननी त्या कागदाला हरकत घेतली नाही. पेन्सिलीविषयी नियम नसावा.

दोन्ही कार्डं जप्त झाली. गेटवर मोबाईल परत मिळाला तेव्हा त्यावर कोलोनहून संपादकांचे सात कॉल होते. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. त्यांनी उतरतानाचे फोटो मागितले. मी म्हटलं, नाहीत, कॅमेरा माझ्याकडे नव्हता. उडतानाचे? जप्त झाले. तेव्हा ते म्हणाले, फ्राउ मेश्राम, जर्मनीतली या महिन्यातली सगळ्यात मोठी विमानाची घटना तुमच्यासमोर घडली आणि तुमच्याकडे एकही फोटो नाही. मी म्हटलं, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर.

घरी प्रशांतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सगळं सांगितलं. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे, सगळ्या गोष्टींची क्रमवार यादी करतो. त्याने शांतपणे ऐकलं, वकिलाला मेल लिहिली, नागरिकत्वाच्या फाइलीत यासाठी नवीन कप्पा केला. मग भांडी घासता घासता माझ्याकडे न बघता म्हणाला, "अगं, पहिल्या कार्डावरचे तू न बघताच उडवलेस?"

मी हो म्हटलं.

"दुसऱ्यावरचेही तसेच उडवले असतेस तर?"

मी त्याने घासलेली ताटं पुसायला घेतली. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि कारण मुलाखत हे नव्हतं.

पाच आठवड्यांनी बेसवरून एक जाड पाकीट आलं. आत दोन पत्रं. एकात पाहुण्या तुकडीने दोन जणांचे प्राण वाचवल्याबद्दल माझे आभार मानले होते, सोबत त्यांचं कापडी बोधचिन्ह. दुसऱ्यात माझ्यावर दोन वर्षं बेसवर येण्याची बंदी होती. कारण, निर्देशित दिशेचं उल्लंघन. पुढे कारवाई नाही. दोन्ही पत्रांबरोबर फ्राउ रॉयटर यांची सही असलेली एकच चिठ्ठी होती. तिच्यात लिहिलं होतं की दोन्ही निर्णय योग्य आहेत असं त्यांचं मत आहे.

नागरिकत्वाच्या मुलाखतीला मी दोन्ही पत्रं घेऊन गेले. काउंटरमागच्या बाईंनी दोन्ही पूर्ण वाचली, दोन्हींच्या प्रती काढल्या, फाइलीत एकापाठोपाठ एक लावल्या आणि विचारलं की जन्मदाखल्याच्या भाषांतरावरचा शिक्का पुसट का आहे. चाळीस मिनिटं त्या शिक्क्यावर गेली. चार महिन्यांनी नागरिकत्व मिळालं.

बाकीच्या पाच फोटोग्राफरना पुढच्या वर्षी पुन्हा आत बोलावलं. लोरेन्झ गेला. विमानाच्या पुढ्यात उभं राहून काढलेला फोटो त्याने मला पाठवला. केस पुन्हा कापलेले होते.

माझा सहावा फोटो आता त्या बेसवर नव्या मेकॅनिकांना शिकवताना दाखवतात, हे मला त्यानेच सांगितलं. मागचा हँगर काळा करून टाकलाय आणि खाली फोटोग्राफरच्या नावाच्या जागी 'बाहेरून प्राप्त' एवढंच आहे. मी काढलेल्या फोटोंपैकी सगळ्यात जास्त वेळा बघितला गेलेला फोटो बहुधा तोच. माझ्याकडे त्याची प्रत नाही.

कुंपणाबाहेर शिडी लावणारे नवे लोक कधीकधी माझा सल्ला विचारतात. लेन्स कुठली, शटर किती, वगैरे. ते सांगते. शेवटी एवढं सांगते की ज्या दिशेला कॅमेरा फिरवू नका असं सांगितलंय, तिकडे फिरवू नका. आणि फिरवलाच, तर डिलीट करण्याआधी प्रत्येक फोटो मोठा करून बघा. वेळ लागतो, पण लागू द्यावा.